बाबा ऐकत नाहीत, परीक्षा घेतात

"मॅडम, हा काय ऐकतो ते एकदा बघा हो." हे वाक्य कुटुंबांचं समुपदेशन करताना मी इतक्यांदा ऐकलंय की आता फोनवर पहिले दोन शब्द आले तरी पुढचं कळतं. पूर्वी हे म्हणणाऱ्या आईवडिलांना रॅप म्हणजे काय हेच माहीत नसायचं, शिवी कानावर पडली की घाबरून यायचे. हल्ली वेगळेच पालक येतात. चाळिशी-पंचेचाळिशीतले, स्वतः कॉलेजात हिपहॉप, म्हणजे रॅप ज्यात येतो ते संगीत, ऐकत वाढलेले. त्यांची तक्रार पोरगं हिपहॉप ऐकतं ही नसतेच, ते "चुकीचं" हिपहॉप ऐकतं ही असते. आणि खरं सांगू, हे दुसऱ्या प्रकारचे पालक जास्त अवघड जातात, कारण त्यांना विषयातलं कळतं.

असंच एक घर. (दोघांची परवानगी घेतलीय, बारीकसारीक तपशील बदललेत.) मुलगा सतरा वर्षांचा, बाबा सेहेचाळीसच्या आसपास, आणि फोन केला होता आईने. "पूर्वी भांडायचे तरी, आता महिनाभर बोलतच नाहीत, आणि कारण काय तर गाणी. कुणाला सांगितलं तर हसतील."

मी हसले नाही. मी कुटुंबोपचारातल्या मरे बोवेनच्या वळणाची आहे, म्हणजे दोन माणसांत ताण आला की ती तिसरं काहीतरी मधे आणून ठेवतात यावर माझा पक्का विश्वास आहे, कुणाच्या घरी ती सासू असते, कुणाकडे मोबाईल, कुणाकडे दहावीचे मार्क. इथे ज्यूस वर्ल्ड नावाचा शिकागोचा एक रॅपर होता जो डिसेंबर २०१९ मधे एकविसाव्या वर्षी औषधांच्या ओव्हरडोसने गेला.

पहिल्या सेशनला बाबा तयारी करून आले होते. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची बिल्डिंग, डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या लावून नाचायचा तुकडा लांबवला तिथपासून सुरुवात. मग डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश, मग रॅपर रकीमने यमक ओळीच्या शेवटून उचलून ओळीच्या पोटात कसं नेलं, मग १९९४ चा रॅपर नास. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस प्रेमात पडल्यासारखा बोलत होता हे कळत होतं. आणि मग एकदम आवाज बदलला. "आणि हा ऐकतो काय, तर पुटपुटणं. एक शब्द नीट कळत नाही, आवाज सुरात आणणारं ऑटोट्यून लावून रडतात, दोन मिनिटांत गाणं संपतं, आणि सगळं गोळ्यांबद्दल."

मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्या नासनेच २००६ साली हिपहॉप मेलंय म्हणून अख्खा अल्बम काढला होता. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मग मी मारलं कसं?"

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

आता अशा वेळी माझ्याकडे एक हुकमी पत्ता असतो. मी बाबांना विचारलं, तुमचे वडील काय म्हणायचे तुमच्या गाण्यांना? बहुतेक पालक इथे विरघळतात. हे नाही विरघळले. "बडबड म्हणायचे. पण त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं मॅडम, मला माहीत आहे. फरक आहे." पत्ता फुकट गेला, आणि बरंच झालं, कारण त्यांचं म्हणणं खरंच होतं. ज्याला कळत नाही त्या बापाने नाक मुरडलं तर पोराला फारसं लागत नाही, म्हातारा आहे म्हणून सोडून देतं. पण ज्याला कळतं तोच नाक मुरडतो तेव्हा ते अंगाला लागतं.

मुलाला एकटं भेटले. आधी जे विचारायचं ते सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का, गोळ्या घेतोस का, झोप कशी आहे, मित्र आहेत का. (हे प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलतं भरतं असं पालकांना वाटतं. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरंच वाटतं.) उत्तरं ठीक होती. मग गाण्यांवर आलो आणि तासभर त्यानेच मला शिकवलं. बाबा ज्याला पुटपुटणं म्हणतात त्यात आवाज हे वाद्य म्हणून वापरतात, शब्द मागे ठेवून सूर पुढे आणतात. खालून जो ढम्म करून लांबत जाणारा बास येतो तो रोलँडच्या ८०८ या ड्रम मशीनचा, "आणि ते मशीन १९८० चं आहे मॅम, बाबाएवढंच म्हातारं." तीन-तीनच्या पटीत शब्द फेकायची जी ढब बाबांना नवी आणि भिकार वाटते ती नव्वदीतच अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या पोरांकडे होती.

मी म्हटलं, तुला तर सगळंच माहीत आहे, मग बाबांना का नाही सांगत?

"सांगितलं की पेपर सुरू होतो. हा बीट कुठून घेतलाय सांग. ओरिजिनल कोणाचं सांग. पाच गाणी सांग टुपाकची." (टुपाक आणि बिगी म्हणजे नव्वदीतले दोन गाजलेले रॅपर.) मग जरा थांबून, "२०१६ मधे तो नवा रॅपर लिल याटी म्हणाला होता ना, की टुपाक आणि बिगीची पाच गाणी सांगता येणार नाहीत, तर सगळे म्हातारे त्याच्यावर तुटून पडले. मला पाच येतात. पंधरा येतात. पण बाबाला नाही सांगणार."

या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. मला वाटत होतं मी आवडीनिवडीचं भांडण बघतेय. पण पोराने बाबाची गाणी चोरून ऐकली होती, पंधरा पाठ होती, आणि ती तो बाबापासून लपवत होता, कारण बाबा ऐकत नव्हते, परीक्षा घेत होते. आणि बाबांच्या बाजूने बघितलं तर त्यांच्याकडे पोराला द्यायला असं स्वतःचं, मन लावून जमवलेलं एवढं एकच होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. देणारा आणि घेणारा दोघं तयार, मधे प्रश्नपत्रिका.

दुसरी एक गोष्ट मला त्याच आठवड्यात सुचली आणि त्याचा मला जरा अभिमान आहे. मी बाबांना विचारलं, तुम्ही त्याचं एक तरी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय का? ते गप्प. ऐकणार कुठून, पोराच्या कानात हेडफोन. त्यांच्या वेळी टेपरेकॉर्डर खोलीत वाजायचा, घरातल्या सगळ्यांना नको असलं तरी ऐकू यायचं, वडील बडबड म्हणायचे पण त्यांनाही ती बडबड पाठ झाली असणार. आता घराला काही ऐकू येत नाही. बाबांनी जे मत बनवलं होतं ते पोराच्या गुणगुणण्यावरून आणि मोबाईलवर वाचलेल्या ओळींवरून.

मग पुढच्या सेशनला दोघांना एकेक गाणं आणायला सांगितलं. नियम एकच, गाणं चालू असताना आणि संपल्यावर पाच मिनिटं कुणी माहिती सांगायची नाही. साल नाही, कोणी कोणाचं काय घेतलं नाही, काही नाही. बाबांना हा नियम फार जाचक वाटला, म्हणाले "मग बोलायचं काय?"

मुलाने ज्यूस वर्ल्डचं २०१८ चं 'ल्युसिड ड्रीम्स' लावलं. स्पीकरवर. सुरुवातीची गिटार आली आणि बाबा खुर्चीत ताठ झाले. तोंड उघडलं, बोट वर गेलं, मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते बोट हळूहळू खाली आलं. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मी लोकांना रडताना, दार आपटून जाताना, बरंच काही बघितलंय, पण एका माणसाने स्वतःची माहिती गिळली ते दृश्य माझ्या फार जवळचं आहे. गाणं संपलं. बाबा बोलेनात. पाच मिनिटं म्हणजे केवढी असतात ते तेव्हा कळतं.

शेवटी पोरानेच विचारलं, "काय?"

आईच्या म्हणण्याप्रमाणे महिन्यातला पहिला प्रश्न.

बाबांनी उत्तर दिलं नाही, स्वतःचं गाणं लावलं. नासचं १९९६ चं, 'द मेसेज'. आणि तीच गिटार. अगदी तीच. मलासुद्धा कळली म्हणजे बघा. मुलगा उडालाच, "अरे ही तर आमची गिटार!" बाबा म्हणाले, "तुमची? मी सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकतोय." त्यावर मुलगा, "दोघांचीही नाही बाबा, स्टिंगची आहे," आणि बाबा मोठ्याने हसले. १९९३ चं स्टिंगचं गाणं होतं ते, 'शेप ऑफ माय हार्ट', दोघांनाही वेगवेगळ्या वाटेने माहीत होतं.

इथे मला खूप काही बोलता आलं असतं. मी घड्याळाकडे बघत बसले.

मग मुलगा आपणहून म्हणाला, "ज्यूस वर्ल्डने नाव टुपाकच्या सिनेमावरून घेतलंय, तुला माहितीये?" बाबांना माहीत नव्हतं. माहीत नाही असं त्यांनी पोरासमोर पहिल्यांदा म्हटलं असावं. आणि मग एकदम हळू आवाजात, "ते जे तो म्हणतो, ती सोडून गेली वगैरे, तुला असं वाटतं?" मुलगा बुटाकडे बघत, "मार्चमधे झालं होतं. आईला माहितीये." बाबांनी मान हलवली, सल्ला दिला नाही. ही मात्र माझी कमाई नाही, त्यांची.

तर ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी. पहिलं, आवड पटवून बदलत नाही. पंधरा ते वीसच्या वयात जे ऐकलं ते आयुष्यभर "खरं संगीत" वाटतं, तुम्हाला तुमचं, त्याला त्याचं, आणि हे हिपहॉपमधे पहिल्यापासून आहे. १९७९ मधे 'रॅपर्स डिलाइट' हे रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं आलं तेव्हा ब्रॉन्क्समधल्या जुन्या मंडळींनाही ते खरं वाटलं नव्हतंच. दुसरं, नवं वेगळं ऐकू येतं त्याला बऱ्याचदा बिघडलेली चव जबाबदार नसते, साधी व्यवहाराची कारणं असतात. १९९१ मधे न्यूयॉर्कच्या कोर्टाने बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल दिला आणि परवानगीशिवाय जुन्या गाण्याचे तुकडे उचलणं महागात पडायला लागलं, मग मशीनवर बीट बनवणं परवडायला लागलं. १९९७ मधे ऑटोट्यून आलं. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजतात, मग चार मिनिटांचं कोण कशाला करेल. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले "पटलं, पण आवडलं नाही", आणि मला ते उत्तर एकदम योग्य वाटलं. आवडायची गरजच नाहीये. खोटं खोटं "मस्त आहे रे" म्हणालात तर पोरं सेकंदात ओळखतात आणि ते नाक मुरडण्यापेक्षा वाईट.

काळजी कधी करायची? गाण्यावरून नाही. उदास गाणी ऐकणारं मूल बहुतेक वेळा उदासपणाला सोबत शोधत असतं. झोप उडाली, जेवण सुटलं, मित्र तुटले, आधी आवडायचं ते सगळं सोडलं (गाणीसुद्धा), मरणाबद्दल बोलणं आलं, तर मात्र प्लेलिस्ट तपासत बसू नका, सरळ डॉक्टरकडे या. आणि रोज जमेल तेव्हा एक गाणं स्पीकरवर, मोठ्याने, घराला ऐकू येईल असं. प्रश्न विचारायचाच असेल तर ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असाच विचारा.

शेवटच्या सेशनला बाबांनी विचारलं, मी दिलेला नासचा 'इलमॅटिक' अल्बम ऐकलास का पूर्ण? (विचारताना माझ्याकडे चोरून बघितलं, हा पेपर तर नाही ना म्हणून.)

"ऐकला. दोन गाणी भारी आहेत. बाकी ठीक."

बाबांचा चेहरा असा झाला की मी पटकन पाण्याचा ग्लास पुढे केला. मिनिटभराने ते म्हणाले, "कुठली दोन?"