पाळीच्या तक्त्यात नसलेले नाव

आदरणीय ताई,

गेली चार वर्षे दर रविवारी आमच्या घरी ख्रिस्ती उपासनेसाठी मंडळी जमते. आम्ही मोठी माणसे नऊ आणि मुले सहा. पगारी पाळक (धर्मगुरू) नाही, स्वतंत्र इमारत नाही. म्हणून खुर्च्या मांडण्यापासून संगतीच्या जेवणापर्यंत सगळी सेवा आपसांत वाटून घ्यायची, असे सुरुवातीलाच ठरवून आम्ही पाळीचा तक्ता केला. तो सोबत जोडला आहे. एक भगिनी मात्र प्रार्थना फार सुंदर करतात आणि शेवटचे ‘आमेन’ झाले की निघून जातात. त्यांच्या पाळीची भांडी मला घासावी लागतात. माझे यजमान बायबलमधले वचन सांगतात. त्यांना हे बोलणे अवघड वाटते. मी कामात गुंतलेली मार्था झाले आहे आणि त्या येशूच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया, असे मला वाटू लागले आहे. लहान मुलांचा तेवढा प्रश्न नाही. माझी सोळा वर्षांची मुलगी पहिल्यापासून त्यांना आतल्या खोलीत घेऊन बसते, तिला मुलांची आवडच आहे. हल्ली ती रविवारी मैत्रिणीकडे जाऊ का म्हणून विचारते, पण ते वयच तसे असते. त्या भगिनींशी मी कसे बोलावे, की मंडळी दुसऱ्या कोणाच्या घरी न्यावी?

— एक थकलेली सेविका

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातला मोठा भाग भांड्यांविषयी आहे आणि मुलीविषयी फक्त दोन वाक्ये आहेत. मी त्या दोन वाक्यांनाच उत्तर देणार आहे, कारण तुमच्या घरातला खरा प्रश्न तिथे आहे आणि तो तुम्ही ‘प्रश्न नाही’ असे म्हणून बाजूला ठेवला आहे.

तुमचा तक्ता मी बारकाईने पाहिला. वचन, गीते, प्रार्थना, खुर्च्या, जेवण, भांडी, झाडलोट असे रकाने आहेत आणि नऊ जणांची नावे त्यांत फिरत राहतात. मुलांना सांभाळण्याचा रकाना त्यात नाही आणि तुमच्या मुलीचे नावही कुठे नाही. जिची पाळी कधी बदलतच नाही तिचे नाव पाळीच्या यादीत लिहायची गरज पडत नाही, हे खरेच आहे. मंडळीची संख्या सांगताना तुम्ही तिला मुलांमध्ये मोजले आहे, काम देताना मात्र मोठ्यांमध्ये, आणि त्यातही ज्यांना आठवड्याची सुटी मिळते अशा मोठ्यांमध्ये नाही.

चार वर्षांपूर्वी ती बारा वर्षांची होती. तुम्ही वचनाच्या घरातल्या आहात, म्हणून त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाची आठवण करून देते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. ऐकण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे वय नेमके तेच असते. तुमच्या मुलीच्या आयुष्यातली ती वर्षे बंद दाराआड, लहानांची रडारड थांबवण्यात गेली, आणि भिंतीपलीकडून तिच्या कानावर काय पडले असेल तर गाण्यांचे सूर आणि तिच्या वडिलांचा अस्पष्ट आवाज. तिचे वडील मंडळीला वचन सांगतात आणि त्या मंडळीत त्यांची स्वतःची मुलगी बसलेली नसते, ही गोष्ट घरात एकालाही खटकू नये, याचे मला नवल वाटते.

तिला मुलांची आवड आहे, असे तुम्ही लिहिता. असेलही. पण आवड असणे वेगळे आणि त्या आवडीच्या नावाखाली सगळे रविवार द्यावे लागणे वेगळे, आणि यांपैकी दुसरी गोष्ट तिला चालेल का, असे तिला कोणी विचारल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही. (जाता जाता एक शंका: तिच्या जागी सोळा वर्षांचा मुलगा असता तर तुम्ही त्याला आतल्या खोलीत बसवले असते, की त्याच्या हाती गिटार देऊन पुढे उभे केले असते?) मैत्रिणीकडे जाण्याच्या तिच्या विनंतीला तुम्ही वयाचा दोष मानता. मी तिच्या जागी असते तर फार पूर्वीच विचारले असते. ज्या उपासनेला तिला कधी बसताच आले नाही त्या उपासनेचा तिला कंटाळा आला असेल, हे संभवत नाही. तिला कंटाळा आला आहे तो त्या खोलीचा.

आता मार्थेविषयी. स्वतःला मार्था आणि त्या भगिनींना मरीया ठरवून तुम्ही लूकचा दहावा अध्याय स्वतःच्या बाजूने वाचला आहे. पण मार्थेला निदान सरळ येशूपुढे जाऊन तक्रार करता आली, आणि तुम्हालाही मला पत्र लिहिता आले. तुमच्या मुलीने कोणाकडे तक्रार केलेली नाही. तिने फक्त बाहेर जाऊ का, असे विचारले. येशूने मार्थेला सांगितले की मरीयेने चांगला वाटा निवडला आहे आणि तो तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही. त्या प्रसंगातले हे वाक्य तुम्ही त्या भगिनींच्या संदर्भात मनात घोळवत असाल, तर ते तसेच उचलून मुलीच्या संदर्भात ठेवा आणि तिचा वाटा कोणी काढून घेतला, याचे उत्तर स्वतःला द्या.

घरात जमणाऱ्या मंडळीला हा धोका पहिल्यापासून आहे, कारण घर म्हटले की दाराशी कोणीतरी लागते आणि आतल्या खोलीत कोणीतरी लागते. लूकनेच लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योहान ऊर्फ मार्क याची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण जमून प्रार्थना करत होते आणि तुरुंगातून सुटलेला येशूचा शिष्य पेत्र दार ठोठावत होता. कानोसा घ्यायला गेली ती रुदा नावाची दासी. ज्याच्यासाठी मंडळी कळकळीने प्रार्थना करत होती त्याचा आवाज तिने पहिल्यांदा ओळखला, आणि ती धावत आत सांगायला आली तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांनी तिला वेडी ठरवले. त्या जमलेल्यांपैकी घरमालकीण सोडली तर कोणाचे नाव लूकने लिहून ठेवलेले नाही. दाराशी गेलेल्या मुलीचे मात्र ठेवले आहे. आपल्या तक्त्यापेक्षा लूकची नोंद अधिक काटेकोर आहे, असे म्हणावे लागते.

छोट्या मंडळीचे बळ कशात असते, हे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे: तुम्ही एकत्र येता तेव्हा प्रत्येकाजवळ काही ना काही असते, कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिक्षण. मोठ्या चर्चमध्ये शेकडो माणसांत एखाद्याने तोंड उघडले नाही तरी चालून जाते. तुमच्याकडे पंधरा जण आहेत, आणि त्यांतल्या एकीजवळ काय आहे हे चार वर्षांत कोणाला कळलेलेच नाही. आजच्या सीरियात, युफ्रेटिसच्या काठी, दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले घर आठवण्याजोगे आहे. इ.स. 240 च्या सुमारास ते राहते घर उपासनेसाठी बदलण्यात आले आणि सगळ्यांना एकत्र बसता यावे म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढून टाकण्यात आली. तुम्हाला भिंत पाडायची नाही, फक्त आतल्या खोलीत कोण बसणार ते बदलायचे आहे.

म्हणून येत्या रविवारी आतल्या खोलीत तुम्ही बसा. पहिल्या गीतापासून शेवटच्या ‘आमेन’पर्यंत सहाऐवजी पाच मुले तुमच्याजवळ असतील आणि मुलगी बाहेर खुर्चीवर असेल. हे काम यजमानांकडे ढकलू नका, कोणा भगिनीला विनवू नका आणि मोठा त्याग करत असल्यासारखे मंडळीसमोर जाहीरही करू नका. मुलीला त्या दिवशी आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला किंवा गीत म्हणायला सांगू नका. तिला नुसते बसू द्या. आणि आदल्या दिवशी तुम्ही हे सांगितल्यावर ती म्हणाली की मला बसायचे नाही, मैत्रिणीकडे जायचे आहे, तर तिला हसतमुखाने जाऊ द्या आणि त्या रविवारीही आतल्या खोलीत तुम्हीच बसा. तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवू नका. एका रविवारी ती येईल किंवा येणार नाही, ते तिच्या आणि देवाच्या मधले आहे.

मंडळी दुसऱ्या घरी नेऊन काही साधणार नाही. तिथेही एक आतली खोली असेल आणि तुमची मुलगी न सांगता तिथे जाऊन बसेल, कारण तिला तुम्ही तेच शिकवले आहे.

राहिल्या त्या प्रार्थना करून निघून जाणाऱ्या भगिनी. त्या का जातात हे तुम्ही विचारलेले नाही, म्हणून मीही तर्क करत नाही. तक्ता नव्याने लिहा, पहिल्या रकान्यात ‘मुले’ लिहा आणि त्यापुढे पहिल्या महिन्यासाठी स्वतःचे नाव घाला. पुढच्या महिन्यापासून त्या रकान्यात यजमानांसह नऊही जणांची नावे फिरू द्या. भांड्यांचा विषय तोवर त्या भगिनींकडे काढू नका.