सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या वडिलांच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. पंप, स्टेरॉइड आणि लघवीची गोळी चालू आहे. औषधांमुळे असेल का?

हो, असू शकतं. आमच्या सासूबाईंनाही औषधाचा असाच त्रास होतो. नाशिकला पंचवटीतल्या घरी थंडीत नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावला की थोड्या वेळात त्यांच्या हातातली कपबशी खुळखुळायला लागते.

पंपातलं साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध, रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. स्टेरॉइड आणि फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी तेच लघवीवाटे बाहेर घालवतात. तिन्ही एकत्र आली की रक्तातली पोटॅशियमची पातळी घसरते आणि गोळे येऊ शकतात; ती साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर हवी. लघवीची गोळी मॅग्नेशियमही नेते, आणि ते कमी असेल तर कितीही पोटॅशियम द्या, टिकत नाही. म्हणून तपासणी सांगताना दोन्ही सांगा, बरेचदा मॅग्नेशियम राहूनच जातं. अर्थात शरीरातलं बहुतेक मॅग्नेशियम हाडांत आणि स्नायूंत असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी पोटऱ्यांत गोळे येतात हे डॉक्टरांना सांगाच.

खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नसेल तर तेही सांगा. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्याने स्नायू झिजतात, तो प्रश्न वेगळा.

गंगापूर रोडवरचं शहाळं चांगलंच, पण मनानं पोटॅशियमचं सिरप सुरू करू नका. किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर पातळी वाढून हृदयाला धोका होतो. पंपही परस्पर बंद करू नका, हात जोडून सांगते. छातीत धडधड किंवा एकदम अशक्तपणा आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.