‘डॉक्टर नाही, परिचारिका नाही, मग ती होणार कोण?’

प्रश्न : माझी मुलगी आरोग्यविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ती डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माता होणार नाही, हे आम्हांला प्रवेशाच्या वेळीच ठाऊक होते. परंतु ‘मग ती होणार तरी कोण?’ असे कोणी विचारले की मला उत्तर सुचत नाही, आणि खरे सांगायचे तर तिलाही सुचत नाही. सगळ्यातले थोडे थोडे शिकवणारी ही पदवी शेवटी कशाच्याच उपयोगाची ठरणार नाही, अशी भीती वाटते. ती रास्त आहे का? (एक पालक)

उत्तर : आपली भीती अर्धी रास्त आहे, आणि त्या अर्ध्या भागाबद्दल आधी स्पष्ट बोललेले बरे. केवळ या पदवीच्या बळावर रुग्ण तपासण्याचा, औषध लिहून देण्याचा किंवा शुश्रूषेची जबाबदारी घेण्याचा अधिकार मिळत नाही. हे व्यवसाय नोंदणीचे आणि परवान्याचे आहेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षण व प्रत्यक्ष सराव लागतो. काही विद्यापीठे भौतिकोपचार किंवा क्ष-किरण तंत्रज्ञान यांसारखे थेट व्यवसायाकडे नेणारे अभ्यासक्रमही आरोग्यविज्ञान याच नावाखाली चालवतात. मात्र आपल्या पत्रावरून मुलीचा अभ्यासक्रम त्यांतला दिसत नाही, म्हणून पुढील विवेचन सर्वसाधारण पदवीपुरते आहे.

‘सगळ्यातले थोडे थोडे’ हे वर्णन मात्र मला मान्य नाही. एकच विषय घेऊन पाहू या : रक्तदाब. मूत्रपिंड शरीरातील क्षार आणि पाणी यांचा तोल कसा राखते आणि तो बिघडला की रक्तवाहिन्यांवर ताण का येतो, हे विद्यार्थिनी शरीरक्रियाशास्त्रात शिकते. तोच रक्तदाब साथरोगशास्त्राच्या, म्हणजे लोकसमूहांत आजार कसे आणि का पसरतात याच्या अभ्यासाच्या, वर्गात पुन्हा भेटतो, पण तेथे प्रश्न एका शरीराचा नसून हजारो माणसांचा असतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी 1948 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात 30 ते 62 वर्षे वयाच्या 5209 स्त्री-पुरुषांची नोंदणी झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली. वयाबरोबर वाढणारा रक्तदाब स्वाभाविक, किंबहुना शरीराला आवश्यकच आहे, असे त्या काळी अनेक डॉक्टर मानत असत. हा समज मोडण्यात या चिकाटीच्या नोंदींचा मोठा वाटा होता. ‘जोखीम घटक’ ही आज सर्वांच्या तोंडी असलेली संज्ञा याच अभ्यासाच्या 1961 मधील एका शोधनिबंधामुळे रूढ झाली. असा अभ्यास उभा करताना डॉक्टर लागतातच, पण माणसे वर्षानुवर्षे पुन्हा तपासणीला यावीत म्हणून त्यांच्याशी संपर्क राखणारे, प्रश्नावल्या भरून घेणारे, नोंदी पडताळणारे, आकडेमोड करणारे आणि निष्कर्ष सामान्य माणसाच्या भाषेत मांडणारे लोकही लागतात. आपली मुलगी ज्या कामांसाठी तयार होत आहे, त्यांतली बरीचशी ही आहेत.

याच विषयाचे तिसरे वळण धोरणाच्या आणि वर्तनाच्या अभ्यासात येते. औषध उपलब्ध असते, स्वस्तही असते, तरी काही महिन्यांनी रुग्ण ते का सोडून देतो? उच्च रक्तदाबाचा बहुधा काही त्रास जाणवत नाही; जाणवतात ते गोळ्यांचे दुष्परिणाम आणि दवाखान्यातील ताटकळणे. हे ज्याला उमगले तो अधिक छापील पत्रके वाटण्याऐवजी दवाखान्याची वेळ बदलण्याचा विचार करील. आरोग्यशिक्षण, समाजातील आरोग्य कार्यक्रमांचे नियोजन आणि रुग्णालयांचे व्यवस्थापन ही क्षेत्रे या समजुतीवर उभी आहेत.

तेव्हा पाहुण्यांना एका शब्दाचे उत्तर देता येणार नाही, हे खरेच. ज्या पदव्यांच्या नावातच व्यवसायाचे नाव असते त्यांची ही सोय या पदवीला नाही, आणि त्याचा त्रास पहिल्या नोकरीच्या शोधात नक्की होतो. म्हणून दुसऱ्या वर्षातच तिने एक बाजू निवडून ती खोल करावी, असे मी सुचवीन. सांख्यिकीची आवड असेल तर ती विदा (डेटा) विश्लेषणाकडे आणि संशोधनाकडे जाऊ शकते; लेखनाची असेल तर वैद्यकीय लेखनाकडे; माणसांशी बोलण्याची असेल तर समाजात जाऊन करायच्या आरोग्यकार्याकडे. आवड कळत नसेल तर एखादी सुट्टी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावी. वर्गात जिचा कंटाळा येत होता तीच गोष्ट तेथे आवडू लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि उलट घडल्याचीही.

प्रश्न : मी याच पदवीच्या अंतिम वर्षात आहे. मुलाखतीत ‘तुम्हांला नेमके काय येते?’ असे विचारल्यावर मी विषयांची यादी सांगितली आणि समोरच्यांचा रस संपलेला मला दिसला. मी काय सांगायला हवे होते? (एक विद्यार्थी)

उत्तर : विषयांची यादी गुणपत्रिकेवर असतेच. विचारणाऱ्याला आपल्या हातून होणारे एखादे काम ऐकायचे असते.

समजा, 100 पैकी एका माणसाला असलेल्या आजारासाठी चाळणी चाचणी करायची आहे. ती 95 टक्के आजारी माणसांना अचूक हेरते आणि 95 टक्के निरोगी माणसांना अचूक वगळते. दहा हजार लोकांची चाचणी केली तर त्यांतील 100 आजारी माणसांपैकी 95 सापडतील. पण उरलेल्या 9900 निरोगी माणसांपैकी 495 जणांनाही ‘आजार आहे’ असा निकाल मिळेल. म्हणजे असा निकाल हाती पडलेल्या 590 जणांत खरे आजारी अवघे 95, सुमारे सहात एक. 95 टक्के अचूक म्हणून जाहिरात झालेल्या चाचणीचे हे वास्तव कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत उलगडून दाखवणारा उमेदवार सार्वजनिक आरोग्य विभागाला हवा असतो, चाचणीसंच बनवणाऱ्या कंपनीला हवा असतो, विमा कंपनीला आणि आरोग्यविषयक बातम्या देणाऱ्या संपादकालाही हवा असतो. हे गणित आपण साथरोगशास्त्रात नक्कीच केले असेल. मुलाखतीत ते सांगायचे राहून गेले, इतकेच.

अर्ज ज्या जागेसाठी असेल तिला जुळणारे असेच एक काम निवडावे. औषधांच्या मानवी चाचण्यांचे समन्वयन करणाऱ्या संस्थेत सहभागींना माहिती देऊन त्यांची स्वेच्छेने संमती कशी घ्यावी, ती नुसत्या सहीने का पूर्ण होत नाही आणि माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने संशोधकांवर कोणते बंधन घातले, हे आपल्या शब्दांत सांगता यावे. आरोग्यनोंदींच्या क्षेत्रात जायचे असेल तर प्रत्येक आजाराला सांकेतिक क्रमांक देणारे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठाऊक हवे. त्याची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली आहे, आणि एका चुकीच्या सांकेतिक क्रमांकामुळे रुग्णाचा विम्याचा दावा कसा अडकतो, एवढे उदाहरणासह सांगितले तरी पुरे. औषधसुरक्षेच्या विभागात तर दुष्परिणामाची नोंद वाचून त्यात कोणती माहिती अपुरी आहे हे ओळखणारी नजरच तपासली जाते.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की ‘पुढे वैद्यकीय शिक्षणाला जाण्याचा विचार आहे’ असे मुलाखतीत सांगावे का. विचार खरोखर पक्का असेल तर लपवू नये. पण ही नोकरी त्या प्रवेशापर्यंतचा थांबा आहे असे वाटू दिले, तर ती मिळण्याची शक्यता कमी होते, आणि त्यात नोकरी देणाऱ्याची चूक नाही. पुढील मुलाखतीला जाताना प्रकल्पाचा अहवाल सोबत न्यावा, त्यातील आपण स्वतः तयार केलेल्या एका तक्त्यावर खूण करून ठेवावी आणि तो तक्ता चुकीचा ठरू शकेल अशी एखादी शक्यताही आधीच विचारात घ्यावी. अनुभवी मुलाखतकार बहुधा तेच विचारतात.