निंबोळी अर्काची पहिली फवारणी

दादा, पहिलीच वेळ आहे तर घाई करू नका. सावलीत वाळवलेल्या 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घाला. बुरशी लागलेल्या मी टाकूनच देतो. सकाळी फडक्यातून पिळलं की दुधासारखं पांढरट पाणी निघतं. त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण 100 लिटर करा. फवारणी उन्हं कलल्यावरच. निंबोळीतलं कीड रोखणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं. अर्क त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील, घाबरू नका! त्यांचं खाणं मंदावतं, कात टाकता येत नाही. मोठ्या अळीवर मात्र भरवसा नको. पानामागे अंडी दिसली की लगेच फवारा. आणि पिसवांसाठी मांजराला निंबोळी तेल चोळू नका, ते अंग चाटतं.