पुन्हा गाताना सोप्रानोने काय बदलावं?

मागच्या अंकात दा कापो आरियाची, म्हणजे ऑपेरात एकट्याने गायच्या एका प्रकारच्या गाण्याची, बांधणी सांगितली होती: पहिला भाग, त्याच्याशी फटकून वागणारा मधला भाग, आणि मग पहिला भाग मुळापासून पुन्हा. पत्रं आली ती जवळपास सगळी त्या ‘पुन्हा’वरच, सोप्रानोने (उंच आवाजाच्या गायिकेने) तिथे काय बदलावं यावर. काहींचा सूर चांगलाच तापलेला आहे, आणि तो तसा असावा असंच मला वाटतं. हा वाद गाण्याच्या गाभ्याचा आहे.

मी आणि माझी नणंद, दोघीही अठराव्या शतकातल्या हेंडेल या संगीतकाराच्या वेड्या. ‘पियांजेरो ला सोर्ते मिया’ची दोन ध्वनिमुद्रणं आमच्याकडे आहेत. एकीत गायिका दुसऱ्या वेळी काहीच बदलत नाही. दुसरीत इतक्या हरकती आहेत की मूळ चाल हरवते. नणंद म्हणते, पहिली गायिका हेंडेलशी प्रामाणिक. मी म्हणते, दुसरी. निकाल द्या. (ठाणे)

वहिनी, निम्मा निकाल तुमच्या बाजूने आहे, पण त्यावर खूश होऊ नका.

आधी नणंदबाईंचं. जसं लिहिलंय तसंच दोनदा गाणं, हा त्या काळचा प्रामाणिकपणा नव्हे. पिएर फ्रांचेस्को तोझी हा स्वतः कास्त्रातो (लहानपणीच खच्ची करून उंच आवाज राखलेला) गायक होता आणि आयुष्यभर शिकवत आला होता. त्याचं गाण्यावरचं पुस्तक बोलोन्यात १७२३ साली निघालं. त्यात तो स्पष्ट सांगतो की पहिला भाग अगदी साधा, रचना शाबूत राहील असा गावा; मधल्या भागात थोडी कारागिरी दाखवावी; आणि पुन्हा पहिल्या भागावर आल्यावर जो गायक आपल्या बदलांनी तो अधिक चांगला करत नाही, तो काही मोठा उस्ताद नव्हे. ही आरिया ज्यातली आहे तो ‘जूलिओ चेझारे’ ऑपेरा लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात रंगमंचावर आला तो २० फेब्रुवारी १७२४ ला, म्हणजे या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी. क्लिओपात्रा गाणारी फ्रांचेस्का कुझ्झोनी याच इटालियन परंपरेत वाढलेली. हेंडेलने कागदावर जागा मोकळी सोडली ती तिच्यासारख्या गळ्यांच्या भरवशावर. ती रिकामी ठेवणारी गायिका त्याने दिलेलं अर्धं कामच करते.

आता तुमच्या आवडत्या गायिकेकडे वळते. ही आरिया येते तेव्हा काय घडलेलं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. तिसरा अंक. भाऊ तोलोमेओने क्लिओपात्राला कैद केलंय. ती म्हणते, छातीत जीव आहे तोवर मी माझ्या या क्रूर नशिबावर रडेन. चाल संथ, ई मेजरमध्ये, आणि मेजर या एरवी प्रसन्न वाटणाऱ्या स्वरपंक्तीत असूनही काळीज पिळवटणारी. मग मधल्या भागात लय एकदम धावू लागते: मेल्यावर मी भूत होईन आणि त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन. इथे ‘आजितेरो’ या शब्दावर हेंडेलने स्वतःच सोळांशांच्या, म्हणजे अगदी जलद स्वरांच्या, ताना लिहून ठेवल्यात. आणि मग पुन्हा रडणं.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे सुटतो. दुसऱ्यांदा रडणारी क्लिओपात्रा पहिल्यांदा रडणारी राहिलेली नाही. तिने सुडाचं बोलून दाखवलंय, आणि तो सूड मेल्याशिवाय हाती लागणार नाही हेही तिला कळलंय. म्हणून दुसऱ्या वेळचं दुःख अधिक जड हवं. भुताच्या ताना या विलापात शिरल्या की मधल्या भागाने उभा केलेला विरोध कोसळतो, आणि कैदेतली राणी गळ्याची कसरत करताना दिसू लागते. इथे शोभतं ते वेगळंच: ‘क्रुदेले’वर वरच्या स्वरावरून रेलत खाली येणं, खाली उतरणाऱ्या ओळीत एखादा मधला स्वर भरणं, एखादा लांब स्वर हळू सुरू करून फुलवणं आणि परत मिटवणं. शब्द याच भागात पुनःपुन्हा येतात. त्यामुळे पहिल्या वेळी जवळजवळ काही न करता पुढच्या आवर्तनांत थोडं थोडं वाढवत न्यायला भरपूर जागा आहे.

भरपूर सजावट करूनही दुःख राखता येतं, हे अमेरिकन सोप्रानो बेव्हर्ली सिल्सने दाखवलं. न्यूयॉर्क सिटी ऑपेरात १९६६ साली तिने क्लिओपात्रा गायली, तेव्हा आजच्या अर्थाने ‘काळाला धरून’ असं त्या प्रयोगात फारसं नव्हतं. सेनेसिनो या कास्त्रातोसाठी लिहिलेला सीझर नॉर्मन ट्रेगल हा बास-बॅरिटोन, म्हणजे खालच्या आवाजाचा पुरुष गायक, गात होता. तिच्या काही हरकती मला आजही जास्त वाटतात. पण ती त्या इतक्या हलक्या आवाजात आणि एवढ्या लांब श्वासावर गाते की एकही हरकत मिरवल्यासारखी वाटत नाही.

तेव्हा ठाण्याच्या घरात कोण जिंकलं? तत्त्वाने तुम्ही. पण चाल ओळखूच येत नसेल, तर त्या एका ध्वनिमुद्रणापुरतं मी नणंदबाईंच्या शेजारी बसेन.

मी ख्याल शिकतो. आमच्याकडे गायक समोर बसून सुचेल ते गातो. तिकडच्या सोप्रानो हरकती घरून लिहून आणतात, असं वाचलं. मग त्यात उपज कुठली? (सोलापूर)

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गळ्यात सापडत नाही, बासमध्ये, म्हणजे साथीच्या सगळ्यात खालच्या ओळीत, सापडतं.

तुमच्या मागे तानपुरा वाजतो. षड्ज जागचा हलत नाही, आणि प्रत्येक स्वराचं त्याच्याशी असलेलं नातं शेवटपर्यंत टिकतं. हेंडेलच्या आरियात खाली चेलो आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजतात, आणि त्यांची ओळ सारखी चालत असते. मात्रेमात्रेला स्वरसंगती बदलते. एका मात्रेवर गोड लागलेला गंधार पुढच्या मात्रेवर बोचतो. म्हणून इथे ऐन वेळी सुचणाऱ्या गायकाला खालची ओळ आधीच पाठ असावी लागते. त्या काळच्या गायकांना ती असायची. नेपल्सच्या संगीतशाळांत मुलं गाण्याबरोबरच काउंटरपॉइंट (एका चालीवर दुसरी चाल बसवण्याचं शास्त्र) आणि रचनाही शिकत. आजची सोप्रानो मोझार्टपासून पुच्चिनीपर्यंत सगळं गाते, आणि हार्पसिकॉर्डवर बसलेल्या माणसाबरोबर तालमीत पेन्सिलीने हरकती लिहून काढते. यात मला काही खोटं दिसत नाही. गायिकांची साथ करायला मी बसते तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना त्यांची ओळ गाऊच देत नाही. बास गायला लावते. माझ्या बाईंनी मलाही हेच करायला लावलं होतं: डाव्या हाताने वाजव आणि तेच गा. बास गळ्यात बसला की कोणता स्वर हलवता येईल आणि कोणता नाही, हे विचारावं लागत नाही.

शिवाय लिहून ठेवणं ही आजची टूम नाही. फारिनेल्ली या नामवंत कास्त्रातोने आपल्या हरकती आणि कादेन्झांसह (शेवटाआधी गायक एकटाच घेतो त्या मोकळ्या तानांसह) लिहून घेतलेल्या आरियांचं हस्तलिखित १७५३ साली सम्राज्ञी मारिया तेरेझाला पाठवलं. ते व्हिएन्नात आहे. खुद्द फारिनेल्ली काय करत असे, हे आपल्याला त्यामुळेच कळतं.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट तोझीनेच सांगून ठेवली आहे. बास आपल्या नेमक्या चालीने चालू द्यावा, गायकाने वर थोडा वेळ चोरावा, मागे राहावं किंवा पुढे जावं, आणि मग बासने बोट धरल्यासारखं पुन्हा त्याच्याशी जुळावं. समेचा हिशेब रोज सांभाळणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आरिया संपताना सोप्रानोने तार षड्ज लावला की सभागृह उठून उभं राहतं. जाणकार मात्र नाकं मुरडतात. का? (न्यू जर्सी)

कारण तो शेवट एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराचा आहे. हेंडेलच्या काळात आरिया संपते ती बहुतेकदा वरच्या रिषभावर ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांमधलं जलद झुलणं) घेऊन, एक पायरी उतरून, षड्जावर. अख्खा वाद्यवृंद त्या उतरण्याची वाट पाहत असतो. गायिका तिथून वर उडी मारते, तेव्हा ती एकटीच वर राहते आणि वाक्य खालीच संपतं. कादेन्झाबद्दल क्वांट्झ या जर्मन बासरीवादकाने १७५२ साली लिहून ठेवलंय की गाणाऱ्याची किंवा फुंकवाद्य वाजवणाऱ्याची कादेन्झा एका श्वासात मावली पाहिजे. तोझी तर चिडूनच लिहितो: आजकालचे गायक पहिल्या भागाच्या शेवटी तानांचा पूर आणतात आणि वाद्यवृंद थांबून राहतो, दुसऱ्याच्या शेवटी त्याच तानांचं प्रमाण वाढवतात आणि वाद्यवृंद दमतो, आणि शेवटच्या वेळी वाद्यवृंद जांभया देतो. विसाव्या शतकातली सोप्रानो जोन सदरलँड हिचा आवाज मला अतिशय प्रिय आहे. तिच्या पिढीने हा संगीतसंग्रह जिवंत केला, हे ऋण मोठं. पण त्या पिढीची तार षड्जाची सवय पुढच्यांनी उचलू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हाचे रसिकही असेच भांडत का? (नागपूर)

भांडत नव्हते, नाटकगृह डोक्यावर घेत होते. ६ जून १७२७ ला किंग्ज थिएटरात बोनोन्चिनीच्या ‘आस्तियानात्ते’त कुझ्झोनी आणि फाउस्तीना बोर्दोनी एकत्र गात होत्या. दोघींच्या चाहत्यांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा करून प्रयोग उधळला. प्रिन्सेस कॅरोलाइन समोर बसलेली होती, तिचीही कुणी भीड ठेवली नाही.

भांडणाच्या मुळाशी सजावटीच्या दोन तऱ्हा होत्या. क्वांट्झने त्याच वर्षी लंडनमध्ये दोघींना ऐकलं. कुझ्झोनीचं गाणं निरागस आणि हृदयाला भिडणारं, तिच्या हरकती मुद्दाम घातल्यासारख्या वाटत नसत, पण द्रुत लयीत तिचा गळा तितका मोकळा चालत नसे. फाउस्तीनाच्या ताना वेगवान, लखलखीत आणि मोकळ्या. हेंडेलने एकीसाठी लिहिलेलं दुसरीच्या तऱ्हेने सजवलं तर ते अंगावर बसत नाही. तुमच्या आवडीच्या आरियाची पहिली गायिका कोण होती हे जरूर शोधा. सजावटीबद्दलच्या निम्म्या शंका तिथे मिटतात.

मी सोप्रानो शिकते. परीक्षेसाठी ‘लाश्या कियो पियांगा’ तयार करतेय. बाई म्हणतात, दुसऱ्या वेळच्या हरकती तूच लिही. कुठून सुरुवात करू? (मडगाव)

तुझ्या बाई चांगल्या आहेत.

ही चाल हेंडेलला सोडवत नव्हती. १७०५ साली हांबुर्गमध्ये ‘आल्मिरा’त ती शब्दांशिवाय नाचाची साराबांद होती, १७०७ साली रोममध्ये तिला वेगळे शब्द मिळाले, आणि १७११ साली लंडनच्या ‘रिनाल्दो’त ती कैदेतल्या आल्मिरेनाच्या तोंडी आली. साराबांदमध्ये दुसरी मात्रा जड असते. तुझी कुठलीही हरकत त्या मात्रेचा तोल बिघडवत असेल, तर खोडून टाक.

या आरियात सगळ्यात मोलाचं काय असेल, तर तिच्यातली विश्रामाची जागा. दोन शब्द, मग गप्प. पुन्हा दोन शब्द, मग गप्प. रडणाऱ्या माणसाला एका दमात बोलता येत नाही, आणि हेंडेलने ते गप्प राहणं मोजून लिहिलंय. विद्यार्थिनी हमखास या जागा तानांनी भरतात. तू त्यांना हातही लावू नकोस. पहिली ओळ दुसऱ्या वेळीही ओळखू येऊ दे. जिथे चाल एक स्वर सोडून उडी घेते, तिथे मधला स्वर घालून बघ. ‘सोस्पीरी’चा अर्थच उसासे टाकणं असा आहे, तेव्हा तिथे वरून रेलून येणारा एकच स्वर पुरे, पण त्यावर खरोखर रेल, घाईने निसटू नकोस. शेवटच्या ‘लिबेर्ता’वर छोटी कादेन्झा घे आणि ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू कर. ती एका श्वासात होत नसेल, तर श्वास वाढवायच्या मागे लागू नकोस, स्वर कमी कर.

आणि लिहायला बसण्याआधी दोन नमुने मिळव. ‘ओत्तोने’ या आपल्या ऑपेरातल्या काही आरियांवर हेंडेलने स्वतःच्या हाताने सजावट लिहिली आहे. ते हस्तलिखित ऑक्सफर्डला आहे, आणि हेंडेलचा अभ्यासक विंटन डीन याने संपादित केलेली त्यातल्या तीन आरियांची छापील प्रत आहे. दुसरा नमुना प्रशियाच्या राजा फ्रेडरिकचा. हास्से या संगीतकाराच्या ‘क्लेओफीदे’ ऑपेरातल्या, मुळात फाउस्तीनाने गायलेल्या एका आरियासाठी त्याने पोर्पोरिनो या कास्त्रातोला हरकती लिहून दिल्या. राजाच्या पानावर स्वरांची दाटी आहे, हेंडेलच्या पानावर कितीतरी कमी. दोन्ही पानं मूळ ओळीखाली ठेव, खाली बास लिही, आणि कोणता स्वर कुठल्या मात्रेवर का बदललाय हे पेन्सिलीने खूण करत जा. मग आपली वही उघड.