फास्टएपीआयच्या बॅकएंड कोडवरून टाइपस्क्रिप्ट क्लायंट आपोआप तयार करता येतो का?

हो, येतो, हाताने लिहीत बसू नका. फास्टएपीआय (पायथनमध्ये वेब एपीआय बनवायचं फ्रेमवर्क) तुमच्या रूट्स आणि पायडँटिक मॉडेल्सवरून (डेटाची रचना सांगणारे पायथन क्लास) ओपनएपीआय स्कीमा, म्हणजे एपीआयचं मशीनला वाचता येणारं वर्णन, स्वतःच बनवतं. सर्व्हर चालू करून पत्त्यापुढे '/ओपनएपीआय.जेसन' टाका, ती समोर दिसेल. तीच फाइल ओपनएपीआय जनरेटरला द्या (स्कीमावरून क्लायंटचा कोड बनवणारं, २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेन या जुन्या टूलपासून वेगळं झालेलं टूल) आणि 'टाइपस्क्रिप्ट-फेच' निवडा. मी रोजच्या कामात हेच वापरतो.

पहिल्यांदा खटकतील ती मेथड्सची नावं. फास्टएपीआय फंक्शनचं नाव, पाथ आणि एचटीटीपी मेथड जोडून आयडी बनवतं, त्यामुळे '/ऑर्डर्स'वरचं साधं 'गेट ऑर्डर्स' क्लायंटमध्ये 'गेट ऑर्डर्स ऑर्डर्स गेट' होऊन येतं. अ‍ॅप बनवतानाच 'जनरेट युनिक आयडी फंक्शन' हा पॅरामीटर द्या आणि नावं सुटसुटीत करून घ्या. नंतर बदललीत तर फ्रंटएंडमधले सगळे कॉल बदलावे लागतील.

मात्र क्लायंट स्कीमाइतकाच चांगला निघतो. रूटला रिटर्न टाइप किंवा रिस्पॉन्स मॉडेल दिलं नसेल, तर तिथे नुसतं 'एनी' (कोणताही टाइप चालेल असं) मिळेल आणि टाइप तपासणीचा फायदाच उरणार नाही.