मोटर दमते की सेल?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी लेगोच्या मोटरा, सेल आणि मॉडेलची आखणी करणारं सॉफ्टवेअर.

पॉवर फंक्शन्सची (लेगोची जुनी मोटर-मालिका) एक्सएल मोटर आणि सहा पेन्सिल सेलचा डबा (८८८१) लावून ट्रक केला आहे. सेल नवे आहेत. तरी चढावर दोन-तीन मिनिटं चालून ट्रक थांबतो आणि पाच मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. मोटर गेली का?
— वाचक, नाशिक

मोटर शाबूत आहे. ‘आपोआप पुन्हा सुरू होतो’ हे तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. डब्यात जास्त करंट रोखणारा एक सुरक्षा घटक असतो. करंट वाढला की तो तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो आणि मोटरचा पुरवठा तुटतो. थंड झाला की पुन्हा जोडला जातो. तेव्हा खरा प्रश्न असा की मोटर इतका करंट का ओढते आहे?

अडकून थांबलेली एक्सएल मोटर पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट ओढते, तिच्याहून लहान एल मोटर सव्वा-दीडच्या दरम्यान, आणखी लहान एम मोटर त्याहून कमी. चढावर चाकं जवळजवळ थांबतात, म्हणजे तुमची मोटर त्याच टोकाला पोचते. तपासणी या क्रमाने करा.

आधी ट्रक उचलून चाकं हवेत फिरवा. इथेही मोटर कण्हत असेल तर दोष घर्षणाचा आहे. ॲक्सलवरचे बुश (ॲक्सल जागेवर धरणाऱ्या छोट्या कड्या) बीमला, म्हणजे भोकांच्या पट्टीला, घट्ट दाबून बसवलेले असतात, आणि दहापैकी आठ वेळा घोळ इथेच निघतो. बुश आणि बीम यांच्यात जाड कागद सरकेल एवढी फट ठेवा. मग मोटर काढून हाताने चाक फिरवा. फेरीत एकाच ठिकाणी अडकत असेल तर ॲक्सल पिळला गेला आहे. सपाट टेबलावर लोळवलात की दिसेल.

हवेत मोकळा फिरणारा ट्रक जमिनीवर अडत असेल तर गिअर बदला. मोटरच्या ॲक्सलवर ८ दाती आणि पुढे २४ दाती लावलंत की वेग एक तृतीयांश होतो, जोर जवळपास तिप्पट. मोटर वाचवायला मधे पांढरा क्लच गिअर घालता येतो. त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर (फिरवण्याच्या जोराचं एकक) असं छापलेलं असतं, त्यापुढे तो घसरतो. पण एक्सएलचा अडकलेला जोर ४० न्यूटन-सेंटिमीटरच्या घरातला. म्हणून हा गिअर चाकाजवळ लावलात तर तो सतत घसरत राहील आणि ट्रक जागचा हलणार नाही. हलक्या, वेगाने फिरणाऱ्या भागातच त्याची जागा.

आणि सेल. ‘नवे’ म्हणजे कोणते? वेष्टनावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. घड्याळाला, रिमोटला ठीक, मोटरला नाहीत. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे भार पडला की व्होल्टेज कोसळतं. अल्कलाइन घ्या. ट्रक पळवून झाल्यावर लगेच सहाही सेल काढून मल्टीमीटरवर एकेक मोजा. पाच एकसारखे आणि एक बराच खाली निघाला तर तो एक बाकीच्यांना घेऊन बुडतो आहे.

मग रिचार्जेबल सेल चालतील का? बाजारात यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात.
— वाचक, पुणे

निकेल-मेटल-हायड्राइड घ्या, ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकारचे. सहा सेलचे ९ ऐवजी ७.२ व्होल्ट होतात, त्यामुळे बिनभाराचा वेग साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. भार पडल्यावर मात्र हे सेल अल्कलाइनपेक्षा ताठ उभे राहतात, म्हणून जड मॉडेलात फरक फारसा जाणवत नाही. सहाचा संच कायम एकत्र ठेवा, एकाच क्षमतेचा, एकाच वयाचा, आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा चार्जर वापरा.

यूएसबीवाले १.५ व्होल्टचे सेल आतल्या सर्किटच्या जोरावर शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि मग एकदम बंद पडतात. हबला (सेल आणि नियंत्रण एकत्र असलेल्या नव्या डब्याला) बॅटरी संपत आल्याचा पत्ताच लागत नाही. हबचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना ते घालू नका.

एक गोष्ट कधीच करू नका. १४५०० नावाचे लिथियम सेल आकाराने हुबेहूब पेन्सिल सेलसारखे असतात, पण एकेकाचे ३.७ व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेले सहा एका रांगेत म्हणजे २५ व्होल्ट. हब जागच्या जागी जळेल.

जुन्या पॉवर फंक्शन्सच्या मोटरा नव्या टेक्निक हबला लागतील का?
— वाचक, पणजी

थेट नाही. जुना प्लग चार तारांचा, एकावर एक बसणारा. पॉवर्ड अपचा, म्हणजे नव्या हबच्या मालिकेचा, सहा तारांचा. अडॉप्टर केबल इतर उत्पादकांच्या मिळतात, पण जुन्या एम, एल, एक्सएल मोटरांत कोन मोजणारा सेन्सरच नाही. त्यामुळे वेग आणि दिशा एवढंच हाती येईल, ‘९० अंश फिर’ ही आज्ञा पाळली जाणार नाही.

गणपतीच्या आराशीत प्रभावळीमागे पुठ्ठ्याचं चक्र संथ फिरवायचं आहे, रोज चार-पाच तास. काय लावावं?
— वाचक, कोल्हापूर

एम मोटर पुरे. ९ व्होल्टवर बिनभार ती मिनिटाला सुमारे ४०० फेरे देते. तिला वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा) लावा आणि तो ६० दाती मोठ्या टर्नटेबलला (फिरत्या तबकडीला) भिडवा. मिनिटाला सातच्या आत फेरे पडतील, रिचार्जेबलवर पाच-साडेपाच. चक्राचं वजन टर्नटेबलने पेलायचं, मोटरने नाही. वर्म ॲक्सलवर मागेपुढे सरकतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कोंडा. नाहीतर दुसऱ्या दिवशी दात सुटतील. चक्र उभं असेल तर ते हातात तोलून बघा. एक बाजू जड असली की मोटर अर्धी फेरी धापा टाकते आणि अर्धी फेरी पळते.

हलक्या भारात १५० मिलिअँपियर धरले तर २००० एमएएचचे सेल तेराएक तास जातात. दोन संच ठेवा आणि रोज संध्याकाळच्या आरतीआधी बदला. छोट्या सेलचा ८८००० डबा दोन तासांनी आपोआप बंद होतो. ती त्याची रचना आहे, बिघाड नाही. इथे ८८८१ बरा. समई मात्र हातभर लांब ठेवा. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं.

स्टुडिओत (मॉडेल आखायचं सॉफ्टवेअर) गिअरबॉक्स व्यवस्थित बसतो, हातात घेतला की जाम. शिवाय एलडीडीतल्या (लेगो डिजिटल डिझायनर, लेगोचं जुनं आखणीचं सॉफ्टवेअर) जुन्या फाइल्स पडून आहेत.
— वाचक, ठाणे

स्टुडिओला भाग एकमेकांत घुसले तर कळतं. दात नीट भिडले का, घर्षण किती, हे कळत नाही. ते तुम्ही मोजायचं. सरळ दातांच्या दोन गिअरांच्या दातांची बेरीज करून १६ ने भागा, की केंद्रांमधलं अंतर स्टडमध्ये (विटेवरचे गोल उंचवटे) मिळतं. ८ आणि २४ म्हणजे २ स्टड. ८ आणि ४० म्हणजे ३. पण १६ आणि २४ म्हणजे अडीच! दोनवर दात एकमेकांत रुततात, तीनवर भिडतच नाहीत. तुमच्या आखणीत हीच जोडी असण्याची शक्यता दाट आहे.

उभ्या दिशेत आणखी फसगत होते. वीट ९.६ मिलिमीटर उंच, स्टडमधलं अंतर ८. त्यामुळे भोकांच्या दोन विटा नुसत्या एकावर एक ठेवून गिअर जुळत नाहीत. मधे दोन प्लेट घाला: ९.६ अधिक ६.४, बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे २ स्टड.

एलडीडी ३१ जानेवारी २०२२ रोजी अधिकृतपणे बंद झालं. त्याच्या एलएक्सएफ फाइल्स स्टुडिओत आयात होतात. काही भाग गळतात किंवा वाकडे बसतात, तेव्हा आयात केल्यावर भागांची संख्या मूळ यादीशी ताडून बघा. तुमचा संगणक लिनक्सवर असेल तर लिओकॅड वापरा. ते एलड्रॉ हा लेगो भागांचा खुला संग्रह वापरतं. आणि खरेदीची यादी काढण्याआधी स्टुडिओतले रंगाचे इशारे वाचा. पडद्यावर कुठलाही भाग जांभळा करता येतो, दुकानात तो त्या रंगात कधी निघालेलाच नसतो.

डब्यातल्या पत्र्यांवर पांढरट-हिरवी बुरशी चढली आहे.
— वाचक, रत्नागिरी

बुरशी नाही, अल्कलाइन सेल गळला आहे. हातमोजे घालून सेल काढा. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्रा पुसा, फसफसणं थांबेपर्यंत. मग किंचित ओल्या काडीने आम्ल काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा आणि एक दिवस उघडं ठेवा. पत्र्याची चकाकी गेली असली तरी चालेल. स्प्रिंग तुटकी असेल तर डबा बदला. पावसाळ्यात मॉडेल मांडून ठेवायचं असेल तर सेल बाहेर काढूनच.